आस

पूर्णगडच्या शाळेच्या पडवीत ग्रामसेवक वाळके वाचतात:
"विधेयक मंजूर. भागीदार देशाच्या सहकार्याने
येणारे क्षेपणास्त्र वरच्यावर, हवेतच..."
त्यासाठी सड्यावरचा सर्व्हे नंबर एकशे चार.
अठरा माणसं. पाच नुसती चहासाठी.

"म्हणजे आभाळाला जाळं लावणार,"
रुकय्या होडेकर म्हणते. चाळीस वर्षं
जाळी विणून तिची तर्जनी वाकलीय.
"आस केवढा ठेवलाय?"

वाळके पानं उलटतात.
ते परिशिष्टात आहे. परिशिष्ट गोपनीय आहे.

"बारीक ठेवलात तर बगळेसुद्धा अडकतील,
मोठा ठेवलात तर ज्याच्यासाठी लावलं तोच निसटेल.
आणि वाटा?
होडीचा एक, जाळ्याचा एक, हे आम्हाला कळतं.
ज्याच्या दारात ओढायचं, त्याचा कितवा?"

कुणीतरी हसलं. चहा आला.
इतिवृत्तात नोंद: महिलांनी तांत्रिक शंका विचारल्या.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांनी सड्यावर चुना मारला.
कातळात कुणी कधीकाळी कोरलेला पाकट मासा आहे तिथे,
रेघ त्याच्या शेपटीवरून गेली.
मासा कुंपणाच्या आत,
शेपूट गावात.