शेवटचा नंबर

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
साओ पावलोच्या बोम रेतिरोत, शटर अर्धं ओढून,
कापडाच्या ताग्यांमध्ये बसतात बारा बायका.
या भिशीला त्या ग्ये म्हणतात.
कागद नाही, सही नाही,
एक निळी वही, आणि बोक-हीमावशीची नजर,
जी नोटा न मोजता मोजते.

आईच्या जागी मी, यंदापासून.
जागा म्हणजे लाल प्लास्टिकचं स्टूल, एक पाय आखूड,
खाली पुठ्ठ्याची घडी आईनंच सरकवलेली.
माझं कोरियनही तसंच, एक पाय आखूड:
शिव्या येतात, जेवण येतं, बाकी पोर्तुगीज.
इथं शाळेत मी सगळ्यांची जपानी होते.
सोलला एकदाच गेले, तेव्हा टॅक्सीवाल्यानं विचारलं,
बाई, तुम्ही कुठल्या?
मी म्हटलं, आमच्या.
तो हसला. व्याकरण चुकलं असेल.

त्या भाषेत 'माझं' फारसं कुणी म्हणत नाही.
आमचा नवरा, म्हणते सुन-इम. आमचं घर. आमची आई.
लहानपणी मला भीती वाटायची
की हे खरंच सगळ्यांचं आहे.
नंतर कळलं, 'आमचं'ला कुंपण असतं
आणि कडी आतून.

एकोणनव्वद साली ग्वी-नाम अख्खी भिशी घेऊन
पाराग्वेला पळाली. तिचं नाव घ्यायचं नाही.
पण भाताच्या गुंडाळ्या कापून झाल्या
की कुणीतरी एक बशी जास्त काढतं,
मग परत ठेवतं.

आज सेफेरिना आली.
ओव्हरलॉक मशीनवर अकरा वर्षं, आईच्या हाताखाली.
दवाखान्यात शेवटच्या तीन रात्रीही तीच होती,
मी नाही.
उभ्यानंच म्हणाली, मलाही घ्या.
आमच्या कोचाबाम्बात हेच असतं, पासानाकू म्हणतात.
पळणारी तिथंही निघते एखादी.

पंखा फिरत राहिला.
ती आपल्यातली नाही, सुन-इम हळूच म्हणाली, कोरियनमध्ये.
सेफेरिनाला कळलं.
अकरा वर्षांत एवढं एक वाक्य
कुणालाही कळतं.

मग ओक-बुन, जी एरवी पेंगत असते:
आपण आलो तेव्हा कुणातले होतो?
दोन महिने जहाजावर ओकत होतो,
उत्तरेतून पळालेले एका बाजूला, जोल्लाचे दुसऱ्या,
एकमेकांचं तोंड बघत नव्हतो.
उतरल्यावर लोकांनी सगळ्यांना एकच नाव ठेवलं,
म्हणून एक झालो. फुकट.

वाद झाला. ग्वारानाची बाटली सांडली,
कुणी आईचं नाव काढलं, कुणी ग्वी-नामचं,
पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.
शेवटी बोक-ही म्हणाली, लिही.
तेरावा नंबर.
म्हणजे बारा महिने नुसतं भरायचं.
शेवटचा नंबर विश्वासानं देतात की संशयानं,
मला अजून कळलेलं नाही.
आईलाही तोच मिळाला होता, एकाहत्तरमध्ये.

वही माझ्याकडे आली.
'फ' नाही आमच्या लिपीत.
मी लिहिलं, से-पे-री-ना.
तिनं वाकून बघितलं. ही मी?
हो, म्हटलं. थोडी चुकलेली.

सांतोसच्या बंदरावर कारकुनानं
आईच्या नावातलंही एक अक्षर खाल्लं होतं.
उरलेल्यावर तिनं
सत्तावन्न वर्षं काढली.