ब्रूट फोर्स

ऑफिसातून भाषांतराला कागद आले,
बँकेच्या पासवर्डांविषयी, बावीस पानं.
सातव्या पानावर मी अडले. ब्रूट फोर्स.
लिहिलं, पाशवी बळ. खोडलं.
आडदांड रेटा. तेही खोडलं.

अण्णा पलंगावर बसून मानेला तेल चोळत होते,
दाणाबंदरात एकतीस वर्षांत उगवलेल्या
त्या कांद्याएवढ्या गाठीला.
"काय अडलंय?"

सांगितलं, चोराला नंबर ठाऊक नसतो.
मग तो चार शून्यांपासून सुरू करतो,
एकेक लावून बघतो, चार नवांपर्यंत.
डोकं नाही, नुसता रेटा.

"मग त्यात पशू कुठं आला?"

मी गप्प.

"ज्ञानू शेलाराचा बैल चढाला एकदा बसला की बसला.
पराणी मोडली तरी उठायचा नाही.
दहा हजार वेळा तेच तेच
जनावर करतं होय गं?"

आणि गोण उचलायची नसते, म्हणाले,
तिच्याखाली जायचं असतं.
आकडा कुठं टोचायचा, श्वास कधी सोडायचा,
फळीवर आधी कुठला पाय.
शेठ म्हणायचा, यांना अक्कल कमी, ताकद फार.
"पाठीवर गोण असताना
उत्तर देता येत नाही."

खाली असल्फ्याच्या उतारावर
कुणीतरी टेम्पो ढकलत होतं, हईशा, अजून थोडा.

बऱ्याच वेळाने, तेलाची वाटी झाकताना:
"तुझी आई गेली, तेव्हा तिची ती निळी बॅग.
तीन आकड्यांचं कुलूप.
कुलूपवाला म्हणाला, ऐंशी रुपयात तोडून देतो.
मी नाही म्हटलं.
पाळीवरून आलो की बसायचो,
शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन.
अकराव्या रात्री उघडली. चारशे सतराला."

आत काय होतं?

"साड्या. तुझं बारसं लिहिलेली वही.
ते सोड.
चारशे सतरा म्हणजे काय, तेवढं सांग.
जन्मतारीख नाही, लग्नाची नाही, खोलीचा नंबर नाही.
बसनंबरसुद्धा बघितले मी.
उघडता आलं. कळलं नाही."

रात्री पानं पाठवली,
शब्द तसाच ठेवून, देवनागरीत.
सकाळी त्यांचा निरोप: मराठी शब्द नाही का?

लिहिलं, असेल.
सगळे लावून झाले नाहीत अजून.