बूड दाखवा

रात्री साडेअकराला मी त्याला लिहिलं,
बरणीचं बूड दाखवा.
त्यानं तोंड दाखवलं, झाकण दाखवलं,
पोटावरचा तडा दोन्ही बाजूंनी दाखवला,
खिडकीतल्या उन्हात बसवून एक फोटो,
स्थळाला पाठवतात तसा.
बूड नाही.

चिनी मातीची, वर तपकिरी, खाली दुधी.
राजघराण्यातली म्हणे, शंभर वर्षं जुनी, एकच नग.
बेचाळीसशे, घरपोच.

अठराशेला एकदा फसलोय मी.
ती बरणी अंबूनं शेंगाचटणीला घेतली,
आणि पहिल्याच आठवड्यात शिक्का बोटाला आला,
ग्लासगोमधलं 'ग्ला' चटणीत गेलं.
"खाल्लं की ओ आपण विलायत," ती म्हणाली,
आणि आणखी एक भाकरी वाढली.

ती घेऊन कुंभार वेशीत गेलो होतो, इराण्णाकडे.
त्यानं चष्मासुद्धा लावला नाही,
मांडीवर उलटी घेतली, अंगठा फिरवला.
"चहात उकळलीय ओ ही. तडे बघा, सगळे एका रंगाचे.
म्हातारपण असं एका दिवसात येतंय व्हय?
खरी झीज वेडीवाकडी असते.
कुणी ओढतंय, कुणी आपटतंय,
कुणी सुनेचा राग बरणीवर काढतंय.
ही नुसती एका दिशेनं घासलीय, पॉलिश पेपरनं."
मग नखानं टिचकी मारली, कान लावला,
आणि काही न बोलता परत दिली.

नाद मला कळला नाही.
चाळीस वर्षं मागावर गेलेले कान हे,
कुकरच्या शिट्ट्याही आता अंबूच मोजते.

बूड आलं बाराला.
पांढरंशुभ्र,
जमिनीला कधी न टेकलेल्या
तान्ह्या बाळाच्या टाचेसारखं.

फोन ठेवणारच होतो,
तर नजर गेली बरणीखाली.
दोन बोटांनी फोटो मोठा केला.
बरणी वर सरकत सरकत पडद्याबाहेर गेली
आणि उरली चादर.

काठ बघितला. मोर बघितला.
डिझाइनच्या पत्त्यात एक भोक चुकलं
की मोराचा डोळा अर्धा मिटतो.
अशोक चौकामागच्या आमच्या कारखान्यात
एका दिवाळीला सगळे मोर डुलकी घेत होते.
मालक ओरडला, पण माल गेला बाजारात,
सोळाशे मोर, पेंगत.
पानिपतहून आमच्या नावानं येतात त्या चादरींत
मोर टक्क जागे असतात,
एका धुण्यापुरते.

लिहिलं, बरणी नको. चादर केवढ्याला?

बराच वेळ तो टाइप करत होता,
थांबत होता, पुन्हा करत होता.
मग आलं,
ती विकायची नाही. आईची आहे.

एवढ्या रात्रीत पहिल्यांदा
त्यानं कशाचं वय सांगितलं नव्हतं.

विचारलं, आईचं माहेर कुठलं?
दोन निळ्या खुणा.
पुढं काही नाही.

शेजारी अंबूनं झोपेत पाय पोटाशी घेतले.
घसरलेली चादर मी तिच्या अंगावर ओढली,
आणि सवयीनं
काठ उलटून पाहिला.