लाईन क्लिअर

मे महिन्याची रात्र, इंदोऱ्यातली.
कूलरच्या टाकीत शेवटची बादली ओतून झाली,
जाळीतून येतो तो अर्धा वारा, अर्धा नुसता आवाज.
टेबलाखाली सर्व्हर, झाकण काढून ठेवलेला,
उकाड्यात आम्ही शर्ट काढून बसतो तसा.

कार्ड सेकंडहँड. बर्डीच्या दुर्योधन बोरकुटेकडून,
नऊ हजारांत, "वापस नाही घेत बरं भाऊ" या बोलीवर.
श्रावस्तीला एक पूल उभा करायचाय पडद्यावर,
फिरवून दाखवायचाय खालून, वरून, नदीच्या अंगानं.
नवा संगणक झेपत नाही, म्हणून मी म्हणालो,
याच डब्यात दुसरा करू,
नुसत्या हिशेबाचा, बिनहाडामांसाचा,
आणि कार्ड सरळ त्याच्या हातात देऊ.
सरळ.
किती सहज बोलून गेलो.

पहिल्या रात्री बायोसमधलं एक बटणच बंद निघालं.
कुणी बंद केलं? कुणीच नाही. जन्मापासून तसंच.

दुसऱ्या रात्री यादी काढली तर कार्ड एकटं नव्हतं.
गटात त्याचा आवाज होता, तो त्याचाच, असू दे.
पण खेटून बसला होता डिस्कचा कंट्रोलर.
द्यायचं तर सगळा गट द्यायचा, एकट्याला उठवता येत नाही.
म्हणजे पोरीच्या पुलासोबत वाहून जाणार
घरातले फोटो, वीजबिलं,
आईच्या आवाजातलं त्रिशरण, जे पुन्हा रेकॉर्ड होणार नाही.
कार्ड उपसलं, खालच्या खाचेत बसवलं.
तिथं रस्ता अरुंद, पण खोली स्वतंत्र.

तिसऱ्या रात्री पिवळा त्रिकोण: त्रुटी क्रमांक त्रेचाळीस.
बाहेरही त्या दिवशी त्रेचाळीसच.
श्रावस्ती म्हणाली, "बाबा, हे तर हवामान खातं झालं न."
उपाय सापडला, एका ओळीचा:
आतल्या यंत्राला कळू द्यायचं नाही की ते दुसऱ्याच्या घरात राहतंय.
ओळख लपवली की कार्ड कामाला लागतं.
ती ओळ लिहिताना मी जरा थांबलो.
बदलीच्या गावी खोली शोधताना
एकदा मीही आडनाव गिळलं होतं.
मग एंटर दाबलं.

त्रिकोण गेला. पडदा काळाच.

पारडीच्या उपकेंद्रात माझी सव्वीस वर्षं झाली.
लाईनवर माणूस चढायचा तर आधी ब्रेकर उघडायचा,
आयसोलेटर ओढायचा, अर्थिंग लावायचं, पाटी टांगायची,
मग परमिटवर सही.
सही झाली की त्या हँडलला हात नाही लावायचा,
साहेबाचा फोन आला तरी.

चौथ्या रात्री अडीचला टाळूत टिचकी बसली.
मी परमिट देत होतो, आणि हँडल माझ्याच मुठीत.
सर्व्हर उठता उठता पहिल्या सेकंदाला कार्ड उचलतो,
त्यावर आपलं तोंड पाहून घेतो,
मग पोरीला देतो. उष्टं.

त्याला सांगितलं, हे कार्ड तुझं नाही. ओळखसुद्धा दाखवू नको.
पुन्हा चालू केलं.
चार ओळी आल्या, पाचवी अर्धी,
आणि पडदा तिथंच थिजला.
काल इथंच घाबरून पॉवरचं बटण दाबलं होतं.
आज दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.
माझ्या बाजूनं अंधार, म्हणजे काम बरोबर चाललंय,
हे मला कुणी शिकवायला हवं होतं काय?

पंख्याचा सूर चढला.
त्याच पडद्यावर निळा उजेड, एक चौकट,
आणि तिचं नाव: श्रावस्ती नंदेश्वर, पूर्ण, आडनावासकट.
खाली पासवर्ड मागत होतं.
मला माहीत नाही. विचारलेलाही नाही.

तिला उठवलं नाही.
कूलर कोरडा खडखडत होता,
नळ यायला अजून दोन तास.
मी बादली घेऊन उगाच अंगणात उभा राहिलो.