बसून खेळायचा खेळ

फहाहीलच्या समुद्रापासून चार गल्ल्या आत
शाळेमागं एक मैदान आहे, म्हणजे वाळूच,
रोलर फिरवून फिरवून थोडी समजूतदार झालेली.
शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी तिथं चुना ओढते,
सहाला वारा तो पुसतो.
मी पुन्हा ओढते. एवढंच, म्हणाल तर, माझं कोचिंग.

होम प्लेट वर्कशॉपमधून आली :
कन्व्हेअरचा जुना पट्टा, पाच कोनांत कापलेला.
नवऱ्यानं कापून दिला, वर विचारलं, पाचच का?
मला माहीत नव्हतं. अजून नाही.

अमरावतीला मी कॅचर होते, सॉफ्टबॉलची.
बाबा एकदाच आले सामना बघायला,
दोन तास तारेचं कुंपण धरून उभे राहिले
आणि सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाले,
"बसूनच खेळाचं असीन, तं पत्ते काय वाईट व्हते?"
त्यांना कसं सांगणार होते
की आठ जणी माझ्याकडं तोंड करून उभ्या असतात
आणि एकटी मी त्यांच्याकडं.
कुणाची नाडी सुटलीय, कोण रात्री रडून आलीय,
कोण चेंडू आपल्याकडं येऊ नये म्हणून देवाला विनवतेय,
हे बसल्याशिवाय दिसत नाही.

आता गुडघे बसू देत नाहीत.
उभ्यानं सांगते : मिटला खोबरेल लावा,
गाडीत ठेवू नका, चामडं रुसतं.
उन्हात उंच गेलेल्या चेंडूकडं सरळ बघू नका,
जरा कडेनं बघा.
(घरून रात्री येणाऱ्या फोनचंही तसंच,
पण ते मी मुलांना सांगत नाही.)

सात नंबरचा शर्ट चार मुलांनी घातलाय.
पहिला कोचीला गेला, दुसरी ह्यूस्टनला,
तिसऱ्याच्या वडलांचा अकामा एका मंगळवारी संपला
आणि गुरुवारी शर्ट मिळाला वॉचमनकडं,
धुतलेला, घडी घातलेला.
आता तो शादीच्या अंगावर आहे.
शादी इजिप्तचा. आमची पोरं आठवडाभर हसली नावाला,
मग हसूच शिळं झालं.
शादीला बॅट लागत नाही.

अहमदीविरुद्ध, बरोबरीत, शेवटचा डाव.
दोन बाद. तिसऱ्या बेसवर रेवा.
शादीनं पहिला सोडला, दुसरा हुकवला,
तिसऱ्याला डोळे मिटून फिरवली
आणि खांदे पाडून निघाला बाकाकडं.
त्याला दिसलं नाही :
चेंडू कॅचरच्या मिटमधून निसटून
मागच्या जाळीकडं घरंगळत होता.
"शादी, पळ!" मी मराठीत ओरडले.
वीस वर्षांचं इंग्रजी, अरबी ऐन वेळी कुठं गेलं कोण जाणे.
तो थांबला. बाद झालेल्याला कोण पळायला सांगतं?
"अरे पळ ना, बाळा!"
आणि पळाला, बॅट हातातच, हेल्मेट डोळ्यांवर.
रेवा घरी आली.
शादी पहिल्या बेसवरून विचारत राहिला,
मी काय केलं? मी काय केलं?

यावर मोठं काही बोलता आलं असतं.
पण पोरं नाचत होती, पाण्याचा कॅन उलटला होता.

मी पलीकडं गेले.
अहमदीचा कॅचर तिथंच होता, जेरिको,
बारा वर्षांचा, मुखवटा न काढता.
आत कुणी रडत असलं
तर घाम म्हणता येतं, मला माहीत आहे.
शहाणपणाचं काही आठवेना,
म्हणून बसले. दोन्ही गुडघे वाजले,
त्यानं दचकून पाहिलं.
म्हटलं, नागपूरला, सत्त्याण्णव साली, जळगावविरुद्ध
माझ्याही हातून. असाच.
जाळीला लागल्याचा आवाज अजून ऐकू येतो.
"अजून?"
मी खोटं बोलले नाही.

तो जरा सरकला,
पट्ट्यावरची वाळू हातानं झाडली.
तिथून सगळं दिसत होतं :
पुसट चुना, रिफायनरीची दिवसा फिकी पडलेली ज्योत,
आणि शादी, अजून बेसवरच,
कुणी बोलावलं नव्हतं म्हणून.
ऊन चढत होतं. उठायला मला
कुणाचा तरी हात लागणार होता.
घाई नव्हती.