बारदानाचे पैसे

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर,
दुपारी मेल आला :
"कृपया त्वरित नोंद घ्यावी. आमचे खाते बदलले आहे.
बारदानाची रक्कम आजच नव्या खात्यावर जमा करावी.
आपला नम्र, सातगोंडा चौगुले."

आकडा बरोबर. बिलाचा नंबरही बरोबर.
माझं बोट बटणापर्यंत गेलेलं,
गुळानं चिकट झालेलं.

अडलं ते 'कृपया'पाशी.
तेरा वर्षं हा माणूस फोन करतोय :
"काय गं शालन, पैसं देतीस का येऊ तिकडं?"
नम्र? आणि चौगुले?

पत्ता परत वाचला, एकेक अक्षर,
तांदळातले खडे बघावेत तसा.
आडनावात एक जादा एल
अंग चोरून उभा होता.

मालक म्हणाले, "पूर्वी सौदा टावेलाखाली व्हायचा.
बोटं धरली की कळायचं, गडी कितपत खरा.
ह्याचं बोट धरायचं कुठं?"

वहीतला जुना नंबर लावला,
मेलमधला नाही.
तिकडून आधी शिवीच आली,
अस्सल, ओळखीची.
इतकं बरं वाटलं ऐकून.

पैसे सोमवारी दिले.
जुन्याच खात्यावर.