भर

दुपारी घेवडा मान टाकतो, त्यात नवल नाही.
राचाच्या उतारावर जुलैचं ऊन तापलं की
मक्याच्या ताटाला धरून चढलेला वेलसुद्धा
पाहुण्यांसमोर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा कलंडतो
आणि सूर्य डोंगराआड झाला की
काही झालंच नाही असा उठून बसतो.
म्हणून चार दिवस मी पाहिलंच नाही.
पाचव्या पहाटे दव होतं, अंगावर शाल होती,
आणि पानं खालीच.
पहाटेची मान पडली
की दुखणं उन्हाचं नसतं.

आधी हुमणीवर आळ घेतला.
दोन वेल उपटले, माती बोटांनी चाळली:
अळी एकही नाही,
गेलाच्या सदऱ्याचं एक बटण तेवढं निघालं.
गेला माझा नवरा. नावच गेला.
फेब्रुवारीत पोलंडला ट्रक चालवायला गेला.

मग चुलीतली राख टाकली.
मग ओनीच्या बाजारातून निळी पूड आणली.
दुकानदाराने तिचं नाव सांगितलं नाही, किंमत सांगितली.
वेल निळे झाले
आणि निजलेले राहिले.

शेवटी कुंपणावरून अंब्रोसीला हाक मारली.
जन्मभर द्राक्षवेली तपासलेला माणूस,
घेवड्याला तो पीक म्हणत नाही. तरी आला.
खिशातल्या चाकूने एक खोड उभं चिरलं.
वर आतून स्वच्छ, काकडीसारखं.
खाली मूळ विटेच्या रंगाचं;
चिमटीत धरलं तर साल सुटून हातात आली,
ओल्या मोज्यासारखी.
त्याने मातीची मूठ वळली. पाणी गळलं.
"पाणी कितीदा देतेस?"
"आठवड्यातून दोनदा."
"आणि दुसरं कोण देतं?"
मी हसले.

रात्री बादलीची कडी वाजली.
खिडकीतून दिसली त्सिआला, माझी सासू,
लेकाच्या रबरी बुटांत,
झारी दोन्ही हातांनी धरून, वेलीमागून वेल,
एकही न चुकवता.
फोन येतो तो बाराच्या पुढे, ट्रक उभा केल्यावर.
ज्या रात्री येत नाही
त्या रात्री ती वाट बघत काय करणार?

सकाळी मी फक्त अंब्रोसीचं सांगितलं.
सडलेले चार उपटून जाळायचे, खतात टाकायचे नाहीत.
वाफ्याच्या कडेने चर खणायचा.
या जागी तीन वर्षं घेवडा नाही.
आणि उरलेल्यांच्या बुंध्याला मातीची भर,
वीतभर उंच,
कारण खोडाला माती लागली
तर कुजक्या मुळांच्या वर ते नवी मुळं काढतं.
आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून माती ओढली.
तिची नखं माझ्याहून काळी झाली.
मध्येच थांबून म्हणाली,
"आणि रात्री?"
मी म्हटलं, गेल्या सालचं बी निवडायचं राहिलंय.

बाराव्या दिवशी एका बुंध्याची माती उकरली.
दोऱ्यासारखी पांढरी मुळं. चटकन झाकून टाकलं.
अकरापैकी सात उभे आहेत.
एकाचं काही सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात सकाळी तीन वाडगी असतात,
पांढरं, लाल, ठिपक्यांचं,
आणि मधोमध पालथा फोन.
ती झोपली की मी तिन्ही वाडगी
पुन्हा एका पोत्यात ओतते, हलवते.
तिला कळतं.
काल म्हणाली,
यंदा बी फार आलं होतं, नाही?